परसात स्वतःच्या हाताने कामाची खोली बांधायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला राजेंद्रनगरात वडिलांच्या वेळचं बैठं घर, मागे परसात मोकळी जागा. प्रश्नकर्ते घरून काम करतात. दिवसभर संगणक, आणि उरलेल्या वेळात पुस्तकबांधणीचा छंद. घरात आईंकडे येणारी-जाणारी माणसं, मुलांचे क्लास, कुकरच्या शिट्ट्या. म्हणून परसात एक छोटी खोली हवी आहे, आणि ती होता होईल तो स्वतः बांधायची आहे. गवंड्याची करणी आजवर हातात धरलेली नाही. त्यांनी विचारलंय की हे जमेल का, आराखडा कसा ठरवायचा, आणि या खटाटोपातून आर्किटेक्चर म्हणजे काय ते थोडंफार कळेल, की नुसती गवंडीकामाची हौस फिटेल?

मी इंदूरातच घरं बांधण्याच्या धंद्यात आहे, आर्किटेक्ट म्हणून. तुमच्यासारखे प्रश्न अधूनमधून येतात आणि बहुतेक लोक उत्तर ऐकून मिस्त्रीला फोन लावतात. तुम्ही लावू नका, निदान सगळ्या कामासाठी नको.

जमेल. पण तीन कामं स्वतः करू नका. लोखंडाचं वेल्डिंग, मीटरपासून खोलीपर्यंतची वायर, आणि काँक्रीटचा स्लॅब. पहिल्या दोन ठिकाणी जिवाशी गाठ आहे. स्लॅबचं म्हणाल तर सेंटरिंग, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणारा साचा, सळयांचं गणित, आणि एकदा ओतायला लागलं की मध्ये थांबता येत नाही. चारदोन माणसं तरी लागतात आणि बिघडलं तर तोडण्यावाचून इलाज नाही. तुमच्या खोलीला स्लॅबची गरजही नाही. छत हलकं ठेवा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. गवंडीकामातूनच कळतं, आणि जे कळतं ते म्हणजे क्रम. कागदावर भिंत, खिडकी, पत्रा, वायर, फरशी सगळे एकाच वेळी हजर असतात. प्रत्यक्षात कोणीतरी आधी येतं, कोणीतरी त्याच्यावर बसतं, आणि मागून येणाऱ्याला पुढच्याचा वाकडेपणा सांभाळून घ्यावा लागतो. दहा वर्षांनी एखादी वस्तू बदलायची वेळ आली, तर तिच्यापायी आणखी काय काय फोडावं लागेल, तेही याच क्रमाने आधीच ठरवून टाकलेलं असतं. आम्ही लोक कॉलेजात पाच वर्षं रेषा काढतो. रेषेला जाडी नसते आणि वेळही नसतो. विटेला दोन्ही असतं.

तर क्रमानेच जाऊ. पहिली येते ती खुर्ची.

खोली परसात कुठे आणि केवढी, हे ठरवण्याआधी एक टेबल-खुर्ची परसात नेऊन ठेवा आणि वेगवेगळ्या वेळी तिथे बसून काम करून पाहा. सकाळी नऊला ऊन कुठून येतं, दुपारी शेजाऱ्यांच्या घराची सावली कुठवर सरकते, कोणाची पाण्याची मोटर कधी सुरू होते, लिंबाच्या झाडाखाली मुंग्या आहेत का. हे सगळं फुकट मिळतं आणि नंतर पैसे देऊनही बदलता येत नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाने होळकर दरबारासाठी इंदूरचा नगररचना अहवाल लिहिला, तो 1918 मध्ये छापला गेला. गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी आधी वस्ती नीट तपासायची आणि मग लागेल तेवढीच कापाकापी करायची, ही त्याची पद्धत. शहराला लागू पडणारी गोष्ट परसालाही लागू पडते.

मग मापं. खुर्चीवर बसून कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपराची उंची मोजा. टेबलाचा पृष्ठभाग त्याच आसपास हवा. बहुतेकांचं 28 ते 30 इंचांत बसतं. पुस्तकबांधणी मात्र उभ्याने होते, त्यात जोर लावावा लागतो, म्हणून ते टेबल 34-36 इंचांचं हवं. म्हणजे तुमच्या खोलीत दोन उंच्या आल्या, आणि त्यांच्या दोन खिडक्याही वेगळ्या उंचीला येणार. सराफ्यातल्या जुन्या पेढीवर गादी-तक्क्याला टेकून, समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी घेऊन बसणारा मुनीम आठवा. तो जमिनीलगत बसतो, म्हणून त्याच्या खिडकीची पाट, म्हणजे खालची कडही गुडघ्याच्या उंचीला येते, कोनाडेही खाली येतात. बसायची पद्धत बदलली की अख्खी खोली खाली-वर होते. म्हणून इंटरनेटवरची चित्रं बघून खिडकीची उंची ठरवू नका. त्या चित्रात कोण बसलंय ते दिसत नसतं.

ल कॉर्बुझिएने दक्षिण फ्रान्सात, समुद्रकाठी, स्वतःसाठी 1952 मध्ये एक लाकडी झोपडं उभारलं. आतून 3.66 मीटर बाय 3.66 मीटर, म्हणजे आपले बारा फूट बाय बारा फूट, आणि उंची 2.26 मीटर, उभ्या माणसाने हात वर केला की बोटं टेकतील एवढी. पलंग, टेबल, कपाट, बेसिन सगळं त्यात. चंदीगडसारखं शहर आखणारा माणूस त्याच सुमाराला बारा फुटांत स्वतःला बसवून बघत होता. (झोपडं त्याने हाताने बांधलं नाही हो; कॉर्सिका बेटावरच्या सुताराने तुकडे तयार करून पाठवले, ते जागेवर जोडले. त्या बाबतीत तुम्ही त्याच्या पुढे आहात.) त्याच वर्षांत आपले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी त्याच्या पॅरिसच्या ऑफिसात काम करत होते. दोशींकडे मी पुढे येते.

तुमच्यासाठी मी आतून 9 फूट बाय 12 फूट सुचवते, लांब बाजू पूर्व-पश्चिम. हेच माप का, ते दोरी लावताना कळेल. संगणकाचं टेबल असं लावा की तोंड पूर्वेला आणि उत्तरेची खिडकी डाव्या हाताला येईल. पडद्यावर झळ येत नाही, उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. दार पूर्वेच्या भिंतीत, दक्षिण टोकाला. कोण आलं ते मान न वळवता दिसतं. पुस्तकबांधणीचं उंच टेबल दक्षिणेच्या खिडकीखाली. पश्चिमेला खिडकी नाही, कपाटं.

हे इंदूरच्या सूर्याशी आणि पावसाशी जोडलेलं आहे. आपलं शहर साधारण 22.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त उज्जैनच्याही थोडं पलीकडून जातं. म्हणून 21 जूनच्या दुपारी सूर्य थेट डोक्यावर, खरं तर केसभर उत्तरेलाच असतो. 21 डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम 44 अंशांवर येतो. दक्षिणेची खिडकी चार फूट उंच केली आणि तिच्या वरच्या कडेलगत दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचं ऊन काचेला लागत नाही, आणि डिसेंबरात खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात न्हातो. थंडीत बोटं आखडलेली असताना कागदाला डिंक लावणाऱ्याला याहून चांगली सोय नाही. वीज लागत नाही, बटण नाही, बिघडत नाही.

उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही, असं सगळे ठामपणे सांगतात. ते इथे खरं नाही. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला 25 अंश सरकून मावळतो, म्हणजे संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत शिरतं. वर छज्जा काढून उपयोग नाही, कारण ते ऊन खालून येतं. खिडकीच्या पश्चिम कडेला एक उभी फळी भिंतीबाहेर फूटभर काढा, काम होईल.

पश्चिम बंद ठेवायचं कारण दुहेरी आहे. आपला पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो आणि मे महिन्यातली तीन ते सहाची उन्हंही तिथूनच. एकवीट, म्हणजे नऊ इंची भिंत बाहेरून तापली की आत उष्णता पोचायला सहा-सात तास घेते. तोवर रात्र झालेली असते, माळव्याची रात्र थंड असते, आणि तुम्ही खोलीतून बाहेर पडलेले असता. पत्र्याची किंवा काचेची भिंत हे काम करू शकत नाही. तुम्ही पाठवलेल्या चित्रातली तीन बाजूंनी काचेची खोली देखणी आहे. ती जिथली आहे तिथे मे महिना नाही.

आता जमीन. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इंदूरमधल्या छोट्या बांधकामांचा घात बहुतेक वेळा जमिनीतच होतो.

माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात मोकळ्या जागी भेगांत हात जातो, ऑगस्टात तीच जमीन भेगा मिटवून वर आलेली असते. तुमच्या जुन्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीला तिरक्या चिरा असतील तर कारण हेच. मोठ्या इमारतीचं वजन ही हालचाल बरीचशी दाबून धरतं. हलक्या खोलीला ती सहज उचलते. म्हणजे छोटी खोली आहे म्हणून पाया उथळ चालेल, हा हिशोब काळ्या मातीत बरोबर उलटा आहे.

खोलीच्या चार कोपऱ्यांवर आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर एकेक असे सहा खड्डे घ्या. मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट, खडबडीत थर लागेपर्यंत खणा. कुठे तीन फुटांवर लागतो, कुठे आठ फूट गेलं तरी काळीच निघते. खड्डा खांद्याएवढा खोल गेला की एकट्याने आत उतरू नका, काळ्या मातीची कड सांगून ढासळत नाही. मुरूम फारच खोल असेल तर थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. अशा जमिनीसाठी खालच्या टोकाला फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब असतात, रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने आपल्याकडे त्यावर बरंच काम केलेलं आहे. मुरूम हाताशी लागला तर त्यावर काँक्रीटचं बैठक-पाऊल आणि वर जमिनीबाहेर येणारा खांबोटा. खांबोट्याभोवती काढलेली काळी माती परत टाकू नका. मुरूम आणा, थराथराने टाका, पाणी मारून चोपा.

सहा खांबोट्यांना जोडणारा काँक्रीटचा बीम जोत्याच्या उंचीला येतो, आणि भिंती या बीमवर उभ्या राहतात. इथे एक बारकावा आहे जो मिस्त्री हमखास टाळतो. बीमच्या खाली आणि जमिनीच्या वर साधारण तीन इंचांची पोकळी राहिली पाहिजे. बीम ओतताना खाली वाळू भरून त्यावर ओततात आणि सेंटरिंग निघालं की वाळू काढून घेतात. पावसात माती फुगून वर आली की तिला यायला जागा मिळते. जागा नसेल तर ती बीमला खालून ढकलते आणि चीर बरोबर खिडकीच्या कोपऱ्यातून निघते. पोकळी बाहेरून दिसू नये आणि उंदीर शिरू नयेत म्हणून बाहेरच्या कडेला विटांची एक सुटी ओळ लावा, बीमला न चिकटवता. ‘एवढी मेहनत करून खाली भोक कशाला ठेवता’ असं तुम्हाला कोणी ना कोणी म्हणेल. ठेवा.

फरशीचंही तसंच. खोलीच्या पोटातली वरची काळी माती दीड-दोन फूट तरी काढून तिथे मुरूम भरा, नाहीतर भिंती जागेवर आणि फरशी मध्येच फुगलेली, असं होतं. जोतं जमिनीपासून दीड फूट वर. खोलीभोवती तीन फूट रुंद फरशी-पट्टा, बाहेर उतार देऊन, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाजवळ मुरत नाही. आणि खोलीला लागून कडुनिंब, पिंपळ काही लावू नका. झाड मुळांनी मातीतलं पाणी ओढतं आणि तेवढ्याच कोपऱ्यातली जमीन खाली बसते.

खड्ड्यांच्याही आधी अर्थात दोरी लागते, आणि आता 9 बाय 12 चं कारण. काटकोन साधायला 3, 4, 5 चा त्रिकोण सगळ्यांना शाळेतून ठाऊक असतो. 9 आणि 12 घेतले की कर्ण बरोबर 15 फूट येतो. खोलीच्या आतल्या कडेच्या चार खुंट्या ठोका, दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 15 आले की खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. गवंड्याचा काटकोनी गुण्या लावून कोपरा तपासणं आणि कर्ण मोजणं यात फरक आहे. गुण्याची भुजा दोन फूट; त्यात झालेली चूक बारा फुटांवर सहापट होते. कर्णात लपवायला जागा नसते. लेव्हलसाठी महागडं लेझर आणू नका. पारदर्शक नळी पाण्याने भरा, आतला हवेचा बुडबुडा काढा, दोन टोकांचं पाणी दोन खुंट्यांना लावा. भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा ओळंबा मात्र चांगला, पितळी, वजनदार घ्या.

इथेच रेषेच्या जाडीची गंमत कळते. दोरी बाहेरच्या कडेला 9 बाय 12 लावली असती आणि आत नऊ इंची भिंती घेतल्या असत्या, तर आत उरते साडेसात बाय साडेदहा. 108 चौरस फुटांतले जवळजवळ 79 हाती आले, पाव हिश्श्याहून जास्त विटांनी खाल्लं. मोठ्या बंगल्यात हे कोणाच्या लक्षात येत नाही. एवढ्याशा खोलीत भिंत किती जाड हा प्रश्न म्हणजे खोली किती हाच प्रश्न असतो. म्हणून सगळ्या भिंती एकसारख्या नकोतच. पश्चिमेची नऊ इंची, पूर्ण उंचीची. बाकी तीन बाजूंना नऊ इंची भिंत फक्त खिडकीच्या पाटेपर्यंत, तिच्या वर हलकी चौकट: लाकूड, काच, झडपा, सिमेंटच्या फळ्या. खालच्या जाड भिंतीचा माथा आतल्या बाजूने सहा-सात इंच मोकळा राहतो. डिंकाच्या वाट्या, दाभण, पट्ट्या, फोनचा चार्जर, चहाचा कप सगळं तिथे बसतं. आमच्या आज्यांच्या घरात कोनाडे आणि फडताळं अशीच भिंतीच्या जाडीतून निघायची, वेगळं फर्निचर नसायचं.

छताचं वजन या भिंतींवर टाकू नका. सहा खांबोट्यांवर लोखंडी चौकोनी पाइपचे सहा खांब, ते फॅब्रिकेटरकडून; खांबांचं माप आणि तळाच्या पट्ट्या इंजिनिअरला विचारून. पश्चिमेच्या भिंतीला या खांबांशी मधेमधे लोखंडी पट्टीने बांधून घ्या, उंच भिंत एकटी उभी राहू नये.

आता वीट. पहिल्या दिवशी माल कालवूच नका. भट्टीची वीट सांगायला नऊ इंची असते, प्रत्येक भट्टीची वेगळी निघते. दहा विटा ओळीने, मध्ये बोटभर अंतर सोडून मांडा, मोजा, दहाने भागा. ते तुमचं खरं माप. आता खिडक्या-दारांची रुंदी याच मापाच्या पटीत किंवा अर्ध्या पटीत बसवा. नाहीतर प्रत्येक थरात वीट फोडून तुकडा भरावा लागतो, आणि नवख्या माणसाची भिंत बिघडते ती तिथेच. पहिला थर कोरडाच मांडून बघा, अख्खा, चारी बाजूंनी. कोपऱ्यात वीट कशी वळते, पुढच्या थरात सांधा सुटण्यासाठी अद्धा, म्हणजे अर्धी वीट कुठे लागते, हे हाताने फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. उंचीचंही तेच: एक थर सांध्यासकट साडेतीन इंचांच्या आसपास, आठ थरांत 28 इंच. म्हणजे आठव्या थराच्या माथ्यावर उत्तरेच्या खिडकीची पाट आली आणि ती तुमच्या टेबलाला येऊन भिडली. टेबल, खिडकी आणि वीट यांचं गणित जुळलं की खोली आतून शांत वाटते. का वाटते ते पाहुण्याला सांगता येणार नाही, पण वाटते.

विटा रात्रभर भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. एकाला सहा सिमेंट-वाळू पुरे. आधी दोन्ही कोपरे चार-पाच थर चढवा, मग त्यांच्यात दोरी ताणून मधला भाग भरा. दोरीला वीट टेकवायची नाही, केसभर आत ठेवायची, नाहीतर दोरीच सरकते आणि भिंत तिच्या मागे जाते. दिवसाला तीन-साडेतीन फुटांच्या वर भिंत चढवू नका, आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ तराई, म्हणजे भिंतीवर पाणी मारणं. पश्चिमेच्या भिंतीत विटा उभ्या कडेवर ठेवून मध्ये पोकळी सोडायची रॅट-ट्रॅप पद्धत वापरता येईल. लॉरी बेकर यांनी केरळात ती रुजवली. विटा साधारण पाव हिश्श्याने वाचतात आणि आतली हवा उष्णता अडवते. पण तिला सरळ कडांच्या, एकसारख्या विटा लागतात. मिळाल्या तरच.

चौकटी भिंतीबरोबर बसवायच्या की नंतर? इथले मिस्त्री आधी उभ्या करतात, चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, भिंतीत चिणून टाकतात, काम पक्कं होतं. मी तुम्हाला उलट सांगेन: भोक नीट मापात ठेवा, आणि चौकट नंतर लांब स्क्रूंनी बसवा. लाकडाचं आयुष्य विटेपेक्षा कमी. वाळवी लागली, पाऊस लागला, तर चौकट काढताना भिंत फुटू नये.

आपला होळकरांचा राजवाडाच बघा. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. 1984 च्या आगीत त्याच्या लाकूडकामाचं फार नुकसान झालं. लाकूड वापरायला नको होतं असा त्याचा अर्थ काढणारे मला भेटतात. माझा अर्थ वेगळा: जड आणि टिकाऊ ते खाली, हलकं आणि बदलण्याजोगं ते वर, ही वाटणी बरोबरच होती, म्हणूनच नंतर जीर्णोद्धाराची भाषा तरी करता आली.

आणि दोशींचं अरण्य. इंदूर विकास प्राधिकरणासाठी, ऐंशीच्या दशकात, साधारण 6,500 प्लॉटांची वसाहत. त्यातल्या सगळ्यात गरीब घरांसाठी पूर्ण घर बांधून द्यायला पैसे नव्हतेच. तेव्हा दिलं काय, तर जोतं, संडास-न्हाणीचा गाभा, पाणी, ड्रेनेज, आणि फार तर एखादी खोली. बाकीचं घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने आणि सवडीने वाढवायचं; कसं वाढवता येईल ते दाखवायला ऐंशी नमुना घरं बांधली. 1995 मध्ये या कामाला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि दोशींना 2018 मध्ये प्रिट्झकर, आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा मान. आज तिथे गेलात तर मूळचं काय आणि नंतरचं काय ते सहज ओळखू येत नाही, कोणी रंगीत टाइल लावलीत, कोणी जिना बाहेर काढून खाली दुकान थाटलंय. आमच्या धंद्यातले काही लोक हे पाहून नाकं मुरडतात. मला त्यात दोशींचा मोठा निर्णय दिसतो: जे मागाहून दुरुस्त करणं सगळ्यात कठीण आहे ते आधी आणि नीट करायचं, आणि जे माणूस स्वतः सुधारू शकतो त्यात आपण नाक खुपसायचं नाही. विटेला हात लावण्याआधी तिथे एकदा चक्कर मारा. लोकांच्या घराचे फोटो काढू नका, नुसतं फिरा.

छत. एकाच बाजूला उतार, पूर्वेकडून पश्चिमेकडे नको, उत्तरेकडून दक्षिणेकडेही नको. दक्षिण उंच ठेवली तर छज्जा पत्र्यातूनच निघतो आणि पाणी उत्तरेला पन्हळीत जातं. मंगलोरी कौलं सुंदर दिसतात, पण त्यांना तीस अंशांच्या आसपास उतार लागतो; नऊ फुटांच्या रुंदीत एकाच उताराने तो दिला तर दक्षिणेची भिंत पाच फुटांनी उंच होते. दोन उतारांचं आढं काढावं लागेल. नवख्याने पत्रा घ्यावा. पत्र्याला भोकं पाडताना ती नेहमी उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नाहीत. पाणी खोलगटातून वाहतं आणि वॉशर दोन उन्हाळ्यांत सुकून जातो. पत्र्याखाली पाच-सहा इंचांची हवा सोडून बांबूच्या चटईचं किंवा प्लायचं छत, आणि ती हवा दोन्ही टोकांना जाळी लावून मोकळी. गरम हवा आपली आपण निघून जाते. पत्र्यावर पाऊस वाजतो, ऑनलाइन मीटिंगवाल्यांना त्रास होतो. चटईवर काथ्याचा थर अंथरला तर बराच कमी होतो.

वायरिंगच्या नळ्या भिंतीत गाडू नका, बाहेरून ठेवा. वास्तुशास्त्रावर घरात कोणाशी वाद घालू नका.

परवानगीचं आधी बघा. घराभोवती सोडायची मोकळी जागा, जिला इथे सगळे एमओएस म्हणतात, तिच्यात खोली येत असेल तर सगळीच मेहनत फुकट. नगर निगमाच्या नोंदणीकृत आर्किटेक्टला किंवा इंजिनिअरला नकाशा दाखवा. पायाचं आणि खांबांचं मापही त्याच फेरीत विचारून घ्या. आर्किटेक्ट लागतो तो एवढ्यापुरताच.

काम दिवाळीनंतर काढा. माती तेव्हा खणायला मऊ असते आणि खड्ड्यात पाणी भरत नाही. थंडीत भिंती, होळीच्या सुमाराला खांब आणि पत्रा. मेमध्ये काहीच करू नका, फक्त आत बसून गरम कुठे वाटतं ते बघा. गिलावा आणि कपाटं पहिला पावसाळा गेल्यावर.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र जुन्या छापखान्यातून घेणार आहात. ते खोलीनंतर नको, खोलीच्या आधी घ्या आणि त्याची रुंदी मोजा, बाहेर आलेल्या दांड्यासकट. 30 इंची दारातून ते जाणार नसेल तर दार 36 इंची करा. त्यातूनही जात नसेल, तर फरशीचा कोबा वाळला की ते जागेवर नेऊन ठेवा, ताडपत्रीने बांधा, आणि पूर्वेची भिंत त्यानंतर चढवा.